रावसाहेबांना हाक कोण मारणार?

पोळ्याला आबांना हाक कोण मारणार, ही काळजी इंदिराबाईंच्या डोक्यात शिरली ती काही केल्या निघेना.

काळज्या त्यांना नव्या नव्हत्या. थोरल्याला शिंक आली की न्यूमोनिया, धाकटीला शाळेतून यायला उशीर झाला की टांगा उलटला, इथपर्यंत त्यांचं मन क्षणात जाऊन पोचायचं. नवरा धुळ्यातला नावाजलेला डॉक्टर. तो म्हणायचा, "बी. ए. झालीस ते ठीक. पण काळजीत एम. ए. करायला तुला कुणी सांगितलं होतं?" ही काळजी मात्र मुलांची नव्हती. ती वडलांची होती, आणि वडील तिकडे सावद्याला ठणठणीत होते. पण स्वतःला मुलं झाल्यापासून इंदिराबाई वडलांच्याही आई होऊन बसल्या होत्या.

बातमी आणली ती धुरपदाआत्यानं. आत्या म्हणजे आबांच्या समोरच्या घरात राहणारी त्यांची चुलतबहीण. डोळे दाखवायला ती भुसावळ-चाळीसगाव करत आगगाडीनं सकाळीच धुळ्यात येऊन ठेपली होती. डोळ्यांनी कमी दिसतं अशी तिची तक्रार. पण समोरच्या ओट्यावर काय चाललंय ते तिला बारकाईनं दिसत होतं.

"इंदे, तुझा बाप यंदा पोळ्याले जात नाई," चहाची बशी खाली ठेवत आत्या म्हणाली.

"का? बरं नाही का त्यांना?"

"त्याले काय होते? त्याले कोनी हाकच नाई मारली!"

ही हाक म्हणजे काय, ते सावद्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पोळ्याच्या आधी गावचा हाकाऱ्या भिकन घरोघर फिरतो. दाराशी उभा राहून घरातल्या कर्त्या पुरुषाला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, "पोळ्याले चला हो!" मग पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे मारुतीच्या पारावर जमतात. कुणाची बैलजोडी कुणाच्या मागं चालायची, तोरण कुणी बांधायचं, हे तिथं ठरतं. ज्याला हाक आली तो गावातला. हाक आली नाही तर न बोलावता जाणं कुणाच्याही मानाला परवडत नाही.

आणि यंदा भिकन आबांच्या दारावरून हाक न मारता पुढे गेला होता.

आबांना हाका मारायला या गावाला कधी सांगावं लागलं नव्हतं. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याच वर्षी चुडामण चौधरींचं, म्हणजे आबांचं, लग्न झालं. मिसरूडही न फुटलेला नवरदेव मांडवात म्हणाला होता, "सरकारनं तोडलं, आमी जोडलं." ते वाक्य गावानं पुढे कितीतरी लग्नांत वापरलं. वडील लवकर गेले. केळीची बाग, दोन भाऊ, विधवा आई असा सगळा पसारा या पोरावर येऊन पडला. पण माणूस असा हसतमुख, की पाण्याच्या पाळीवरून कुदळी उगारलेले दोघं भाऊबंद त्याच्याकडे येत आणि जाताना एकमेकांना तंबाखू देत. एकदा एका म्हाताऱ्यानं अशाच भांडणात म्हटलं, "चुडामणआबाले इचारा." आबा तेव्हा पंचविशीचे होते. त्या म्हाताऱ्याचा नातूही वयानं त्यांच्याएवढाच असेल. पण शब्द चिकटला तो चिकटलाच. तो नक्की कुठल्या दिवशी मिळाला हे कुणालाच सांगता आलं नसतं.

रावसाहेब ही पदवी मात्र तारखेसकट आली. सरकारी शिक्क्यासकट आणि एका बिल्ल्यासकटही.

त्याचं असं झालं, की पावसाळ्यात कलेक्टरसाहेबांची मोटार सावद्याबाहेर काळ्या मातीच्या चिखलात रुतली. साहेब आत, चाकं गाळात, ड्रायव्हर रडकुंडीला. आबांनी आपली सोन्या-मोत्याची जोडी जुंपली आणि साहेबाला मोटारीसकट बाहेर काढलं. त्याच वेळी बोलता बोलता गावच्या दवाखान्यासाठी आपली एक पडीक जागाही देऊन टाकली. साहेबांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या असाव्यात. पुढच्या नव्या वर्षाच्या यादीत चुडामण चौधरी हे नाव आलं.

"खरी पदवी सोन्याले भेटाले पाहिजे होती," गावचे पाटील लोटन म्हणाले. लोटन पाटील म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. एकाच केळीच्या घडासाठी दोघांनी एकत्र मार खाल्लेला. "ओढलं त्यानं, अन् साहेब झाला तू!"

तेव्हा इंदिराबाई बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. गावातली एकुलती एक शिकलेली लेक म्हणून ओट्यावर जमलेल्या मंडळींनी त्यांनाच धरलं. लोटनकाकांनी वकिली सुरू केली.

"इंदे, सांग. पाटलाले वतन असते अन् डोक्याले ताप असते. देशमुखाले जमीन असते. शेठले दुकान असते. रावसाहेबाले काय असते?"

"मान असतो काका."

"अन् काम?"

"काम काही नसतं."

"जमीन?"

"नाही."

"पगार?"

"तोही नाही."

"म्हंजे जावयासारखं!" लोटनकाका मांडीवर थाप मारून ओरडले, आणि अख्खा ओटा हसून लोळला.

आबांनी डोळे पुसत विचारलं, "अन् ते रावबहादूर असतात ते?"

"ते याच्याहून वरचे."

"म्हंजे मी धाकला जावई!"

पुन्हा हशा. इंदिराबाईंना तो दिवस पुढे फार आठवायचा. कारण आबा त्या ओट्यावर सगळ्यांबरोबर हसले ते तेव्हा शेवटचं.

बिल्ला घरी आला तो आपली शिस्त बरोबर घेऊनच आला. जळगावहून एक शिंपी येऊन लांब कोट बेतून गेला. तो खानदेशातल्या उन्हासाठी बेतलेला नव्हता एवढं नक्की. इंदिराबाईंची आई यशोदाबाई जन्मभर नवऱ्याला 'इंदीचे आबा' म्हणत आली होती. तिला प्रश्न पडला.

"मी बी रावसाहेब म्हनू का?"

"घरात कशाले?" आबा म्हणाले. मग जरा थांबून, "पाहुने असले त म्हन."

झालं. पाहुणे नसलेला दिवस त्या घरात नसेच. "रावसाहेब, पानी तापलं," "रावसाहेब, म्हैस सुटली," असं यशोदाबाई माजघरातून मोठ्यानं म्हणू लागली. म्हशीला मात्र त्याचं काही वाटत नसे.

खरी पंचाईत खुर्चीची झाली. गावात धड खुर्ची एकच, शाळेतली. रावसाहेबांना खाली कसं बसवायचं? म्हणून ते जिथं जातील तिथं ती खुर्ची आधी जाऊ लागली. खुर्ची निघाली की गावाला कळे, रावसाहेब कुठंतरी निघाले आहेत. आणि मास्तर दिवसभर उभ्यानं शिकवत. पोरं म्हणत, आज मास्तरला शिक्षा झाली.

हिवाळ्यात शेतात भरताची पंगत बसली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत ठेचलेल्या मिरच्या, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सगळे बांधावर मांडी घालून, समोर केळीची पानं. रावसाहेब खुर्चीत, आणि त्यांच्यापुढे भिकमचंद शेठच्या पेढीवरून आणलेला स्टूल. भिकमचंद म्हणजे गावातले केळीचे मोठे व्यापारी. त्यांचे वाडवडील राजस्थानातून आलेले. स्टूल गुडघ्याच्या खाली आणि तोंड आकाशाजवळ. भाकरीचा तुकडा भरतापर्यंत न्यायचा म्हणजे आबांना नमस्कार घातल्यासारखं वाकावं लागे. खाली चाललेल्या गप्पा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या. कशावर तरी हशा पिकला की ते विचारत, "काय झालं?" आणि कुणीतरी अदबीनं उठून सांगे, "काही नाही रावसाहेब." सांगणारा बसेपर्यंत हशा विझलेला असे.

याच सुमारास मामलेदार गावात आले. चावडीपुढे सगळे जमलेले. भिकननं नेहमीसारखी मोकळ्या गळ्यानं हाक मारली, "ओ चुडामणआबा, या इकडे, मामलेदार बोलावतात!"

आबांचा चेहरा लाल झाला. ते जवळ येऊन दबक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा घरी. इथं रावसाहेब म्हनत जाय."

भिकननं मान खाली घातली. पुन्हा चुकला नाही. गावातलं दुसरं कुणीही चुकलं नाही.

त्या वर्षीच्या पोळ्याला जे झालं ते मात्र गाव विसरणार नाही. एरवी आबा सोन्याचा कासरा स्वतः धरून चालत. वेशीतल्या तोरणापाशी थांबून कमरेच्या फडक्यातली पुरणपोळी त्याला हातानं भरवत. आता रावसाहेबांनी कासरा धरणं बरं दिसेना. कासरा गड्याकडे गेला. रावसाहेब कोट, पगडी, बिल्ला अशा थाटात तोरणाच्या बाजूला खुर्चीत बसले.

पहिली जोडी मानाची, लोटन पाटलांची. ती तोरणाखालून गेली. मागून सोन्या आला. शिंगांना रंग, अंगावर झूल, पाठीवर गेरूचे ठसे. तोरणापाशी आला आणि थांबला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. पोळी देणारा माणूस नेहमीच्या जागी नव्हता. मग खुर्चीतला त्याला दिसला. सोन्याला पदवीचं कुणी काही सांगितलं नसावं. गड्याला कासऱ्यासकट ओढत तो सरळ खुर्चीकडे गेला, आबांच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं, तिथं काही नाही म्हणून दुसऱ्या खिशाकडे वळला, आणि त्या वळण्यात खुर्ची उलटी झाली. सहा पाय वर. खुर्चीचे चार आणि आबांचे दोन. पगडी चिखलात. त्या पगडीचा शेव सोन्या शांतपणे चघळत होता.

इंदिराबाई बायकांच्या घोळक्यात तान्ह्याला घेऊन उभ्या होत्या. आबांना लागलं असेल म्हणून त्या पुढे सरसावल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळीकडे चिडीचूप आहे.

कुणी हसलं नाही.

हेच आबा होळीला चिखलात पडले होते, तेव्हा गाव आठवडाभर हसत होतं. त्यात सगळ्यांत मोठ्यानं आबाच हसले होते. आज सगळे पुढे धावले, कोट झटकला, पगडी उचलली, "लागलं तर नाही ना रावसाहेब?" म्हणाले. लोटनकाकांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून पाठ फिरवली होती. आबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीतरी हसावं म्हणून ते वाट पाहत होते, असं इंदिराबाईंना वाटलं. मग ते स्वतःच म्हणाले, "पुरनपोयी म्हनून माझी पगडीच खाल्ली त्यानं!" विनोद चांगला होता. मंडळींनी अदबीनं माना हलवल्या.

संध्याकाळी मारुतीच्या देवळामागून हशाचा असा भडका उठला, की पारावरची कबुतरं उडाली. आबा घराच्या ओट्यावर बसून ऐकत होते. ते उठून तिकडे गेले. त्यांची काठी वाजली तसा हशा थांबला. "या रावसाहेब," म्हणत सगळे उठून उभे राहिले.

त्यानंतर आबा तिकडे गेले नाहीत. पाण्याच्या पाळीची भांडणं त्यांच्याकडे येईनाशी झाली. एवढ्या मोठ्या माणसाला कुदळ-फावड्याचं काय सांगायचं, असं लोकांना वाटे. बैलाचे दात बघायला त्यांना कुणी बोलावीना. लोटनकाकाही सणासुदीला येत, ते पाहुण्यासारखे. आणि आबा हट्टी. शब्द आपणच मागून घेतला, आता परत कसा करायचा?

मग देश स्वतंत्र झाला. शाळेपुढे झेंडा लागला. पेढे वाटले. कुणीतरी भाषणात म्हणालं, आता इंग्रजांच्या पदव्याबिदव्या काही उरल्या नाहीत. सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या आणि चटकन दुसरीकडे वळल्या. आबा घरी आले, कोट पेटीत ठेवला, बिल्ला त्याच्या खिशात घातला. यशोदाबाईला म्हणाले, "परत करावा म्हनलं त देनारा बोटीत बसून गेला."

यशोदाबाईला वाटलं, सुटलो. पण गावाची गाडी अडली ती इथंच. आता म्हणायचं काय? एक जण म्हणाला, "माजी रावसाहेब." दुसरा म्हणाला, "ते काय मेले का?" शेवटी लोकांनी वाट काढली. आबा दिसले की कुणी खाकरत, कुणी "हं, काय मग," म्हणत, भिकमचंद शेठ हात जोडून नुसतं हसत. आबा सगळ्या गावात फिरून येत आणि त्यांना कुठल्याच नावानं कुणी हाक मारलेली नसे.

"अन् परवाची गोष्ट त ऐक," धुरपदाआत्या सांगत होती. यंदा अधिक श्रावण आल्यामुळे पोळा महिनाभर पुढे गेला होता. तो आता उद्यावर आला होता. "तुझा बाप धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून ओट्यावर बसला. कोट नाई, पगडी नाई. साधी टोपी. भिकन आला. उभा रायला. तोंड उघडलं, मिटलं. पुना उघडलं. मग दावनीच्या गायीले म्हने, 'काय वं, बरी हायेस ना?' अन् गेला निंघून!"

"गाईला?"

"गायीले! मी पयत जाऊन त्याले धरलं. काबरं रे मेल्या, हाक नाई मारली? त म्हने, माय, रावसाहेब म्हनू त सुराज आलं. आबा म्हनू त मांगं मलेच भर चावडीत झापलं होतं. चुडामण म्हनू त माझी जीभ झडीन. मंग मी काय म्हनू?"

"आणि आबा?"

आत्यानं पदरानं डोळे टिपले. ते डोळ्यांच्या दुखण्यानं की हसण्यानं, कळायला मार्ग नव्हता. "तो म्हने, गावानं मले काढून टाकलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळनीले गडी बैलाच्या खांद्याले लोनी लावीन अन् म्हनीन, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' धुरपदे, म्हने, बैलाले बी आवतन हाये. मलेच नाई."

इंदिराबाई हसल्या आणि हसता हसताच थांबल्या. गाव आबांना मान देऊन भीत होतं, आणि आबा त्या भीतीला हाकलून देणं समजून बसले होते. आज पारावर बैठक. ती आबांशिवाय झाली, तर उद्याचा पोळा त्यांच्याशिवाय जाईल. पोळा गेला, की हा माणूस वर्षभर आत बसेल. आणि या वयात वर्षभर आत बसलेलं माणूस पुन्हा बाहेर येतंच असं नाही. इथपर्यंत त्यांचं मन नेहमीच्या वेगानं पोचलं. पण या वेळी, त्यांना वाटलं, ते चुकीच्या ठिकाणी पोचलं नव्हतं.

पत्र पोचणार नाही. स्वतः जावं तर गाडी उद्या दुपारी पोचेल. भिकनला समजवावं तर तो पुन्हा गाईशी बोलेल. आबांना समजवावं तर ते म्हणतील, "मले कुठं काय झालं?"

"आत्या, भिकमचंद शेठच्या पेढीवर फोन आला आहे ना?"

"आला की. केयीच्या भावासाठी. त्याचा तो दिवानजी वना, फोन आला की ज्याचा असीन त्याले पेढीच्या पायरीवरून बोंबलून बोलावते. स्टेशनावर वॅगनी भरताना ओरडून ओरडून आवाज असा झाला त्याचा, की नदीपलीकडची गुरं वयून पाहतात."

"आणि पेढी कुठं? मारुतीच्या पारासमोरच ना?"

"पारासमोरच. काबरं?"

इंदिराबाई उठल्या. आबांना काय सांगायचं याचा विचार त्या इतका वेळ करत होत्या. काही सांगायचंच नव्हतं. ट्रंक कॉल मागताना तिकडे कुणाला बोलवायचं ते नाव द्यावं लागतं, आणि त्या जे नाव देतील ते वना जसंच्या तसं ओरडणार. तो काही स्वतःहून म्हणणार नव्हता. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप तेवढा पोचवणार होता. त्यामुळे त्याची जीभ झडायची भीती नव्हती. पारावर जमलेले सगळे ऐकतील. लोटनकाका ऐकतील. भिकन ऐकेल. घरातून आबा ऐकतील, आणि लेकीचा फोन म्हणजे नातवंडांपैकी कुणाला तरी काहीतरी झालं, असं वाटून धोतराचा सोगा धरत पारावरून धावत सुटतील. काळजी करण्याचा गुण इंदिराबाईंनी काही आईकडून घेतला नव्हता.

धावताना वहाण निसटेल. टोपी पडेल. पेढीच्या पायरीला ठेच लागेल.

आणि लोटनकाकांच्या तोंडात या वेळी उपरणं नसेल, एवढीच प्रार्थना.

दवाखान्यात डॉक्टर एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते. बायकोचा चेहरा पाहून ते घाबरले. "काय झालं? मुलं?"

"मुलं बरी आहेत. फोन हवाय. सावदा."

"कुणाला करतेस?"

इंदिराबाईंनी रिसीव्हर उचलला. पलीकडून टेलिफोन एक्स्चेंजच्या बाईंनीही तेच विचारलं. नाव काय सांगू? त्यांनी एक क्षणही विचार केला नाही, आणि दोघांनाही एकदमच, नदीपलीकडच्या गुरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं.

"चुडामणआबा!"